दुरपदाक्का आणि हवेची वाट

माझं नाव-गाव विचारायच्या आधी दुरपदाक्कानं माझ्या हातात रबरी पाइपाचा एक तुकडा दिला होता.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. कुंभारवाड्याच्या हायस्कूलवर माझी नेमणूक झाली होती. बेळगावच्या बसमधून मी रामनगरच्या नाक्यावर उतरले, तेव्हा हातात वळकटी होती, पायाशी पत्र्याची ट्रंक होती आणि पुढची बस कधी येईल हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. चहावाला म्हणाला, "शिट्टीनं जावा की बाई." शिट्टी म्हणजे काय हे विचारायला मी वळले. फणसाच्या झाडाखाली रुंद, चौकोनी, परदेशी बनावटीची एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिच्यापुढे इरकल लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली, कोपरापर्यंत काळे हात झालेली, चाळिशीतली एक बाई.

"बाई, ह्यो जरा आवळा," ती म्हणाली.

मी पाइप आवळला. मग तिनं दुसरा दिला.

"आता ह्यो. कुठला लवकर दबतोय?"

"पहिला."

गाडीत डाव्या बाजूला एक माणूस डोळे मिटून बसला होता. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "ऐकलं? नव्या माणसाला बी कळतंय. तुमचंच खरं, माझं न्हाई." आणि पहिला पाइप तिनं गाडीखाली भिरकावला. त्यानंतर कुठं मला विचारलं, "कुठं जायाचं म्हणालासा?"

तो माणूस म्हणजे तिचा नवरा, यल्लाप्पा. गोव्यातल्या एका खाणीवर तो साहेबांची गाडी चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा ही जुनी गाडी त्याच्याकडे आली, आणि ती घेऊन तो आपल्या गावी, रामनगरला परतला. गाडी आली त्याच सुमारास त्याच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. समोरची म्हैस दिसायची, पण ती चालतेय की उभी आहे हे कळेना, असं तो स्वतःच सांगायचा. मग स्टेअरिंग दुरपदाक्काकडे आलं. त्या मुलखात बाईनं गाडी चालवणं म्हणजे लोकांनी दारात येऊन बघायची गोष्ट. लोक आले, बघून गेले. बस दिवसातून एखाददुसरी, तीही कधी येणार नाही याचा नेम नाही, म्हणून महिनाभरात बघणारेच मागच्या सीटवर येऊन बसायला लागले.

ती गाडी चालवायची आणि यल्लाप्पाण्णा शेजारी बसून ऐकायचा. चढ लागला की इंजिनातून एक बारीक, चढत जाणारी शीळ यायची. ती टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची. त्यावरूनच वाडीवाडीतल्या पोरांनी गाडीचं नाव 'शिट्टी' ठेवलं होतं. शीळ जरा बेसूर झाली की यल्लाप्पाण्णा हात वर करायचा, आणि दुरपदाक्का गाडी बाजूला घ्यायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिट्टीनं रामनगरला जायचे, रविवार त्यांच्याकडे काढून सोमवारी परत यायचे. माझी जागा ठरलेली होती, दोघांच्या बरोबर मागे. त्यामुळे ते दोघं दिवसभर ज्या एका विषयावर वाद घालत, तो माझ्याही अंगवळणी पडला. तो विषय म्हणजे पाइप.

एकदा मी न राहवून विचारलं, "अक्का, एका पाइपाचं एवढं काय?"

तिनं चढावरच मान मागे वळवली. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"एक न्हाई बाई, रांग हाय ती. टर्बो हवा कोंबतो. कोंबली की हवा तापती. तापली की फुगती, मग इंजिनाच्या पोटात कमी मावती. म्हणून म्होरल्या जाळीतनं तिला गार करून न्यायाची. त्या जाळीला इंटरकूलर म्हणत्यात. आता जाळीपतोर गरम वाट, जाळीपासनं गार वाट. आणि टर्बोच्या आधी वढायची वाट. तिन्हीकडं तीन तऱ्हेचा पाइप लागतोय. आपल्याकडं दुकानदार काय देतोय? रेडिएटरचा."

"मग?"

"रेडिएटरचा पाइप पाण्यासाठी असतोय. ह्या हवेत तेलाचा वास असतोय. तेल लागलं की पाण्याचा पाइप मऊ पडतोय. मऊ पडला की फुगतोय. फुगला की..." तिनं दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून टाळी वाजवली. यल्लाप्पाण्णा शांतपणे म्हणाला, "हात."

दुरपदाक्काचा स्वभाव हट्टी होता. शिकलेलं ती विसरायची नाही आणि न शिकलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नाही, स्वतः करूनच बघायची. एकदा तिनं ठरवलं की पाइप जेवढा मोठा, तेवढा गाडीला दम जास्त. यल्लाप्पाण्णानं सांगून बघितलं, पण तिनं एका ट्रकचा जाडजूड पाइप मिळवला, दोन्ही टोकांना तोंड बारीक करणारे जोड लावून बसवला आणि निघाली. मी मागे होतेच. सपाटीला गाडी ठीक चालली. चढ लागला, तिनं पाय दाबला, आणि काहीच झालं नाही. गाडी विचारात पडल्यासारखी रेंगाळली, बऱ्याच वेळानं शीळ आली, तोवर वळण येऊन तिला पाय काढावा लागला होता. पुढच्या वळणावर तेच. यल्लाप्पाण्णा हसू दाबत होता.

"हसा," ती म्हणाली. "बोला काय ते."

"एवढी मोठी कणगी भरायला येळ लागतोय, एवढंच."

मोठा पाइप आधी हवेनं भरणार, मग इंजिनाला मिळणार. तिनं गिअर खाली टाकला. मग म्हणाली, "हे बी कळलं."

'चुकलं' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. तिथं ती 'हे बी कळलं' म्हणायची. त्या दिवशी संध्याकाळच्या आत तो पाइप निघाला आणि टर्बोच्या तोंडाएवढ्याच मापाचा बसला. माझ्या वर्गात गणित चुकलेल्या मुली वही लपवायच्या. मी त्यांना अक्काचे शब्द शिकवले. मुलींना ते फार आवडले. काहींना जरा जास्तच आवडले, सोपं गणित चुकल्यावरही त्या तोंड भरून म्हणायच्या, "हे बी कळलं, बाई."

वढायच्या वाटेचं कोडं कॅसलरॉकला सुटलं. उन्हाळ्यात रस्त्याची लाल धूळ एअर फिल्टरमध्ये बसायची, इंजिन जोरानं हवा ओढायचं आणि फिल्टरकडून टर्बोकडे येणारा पाइप गालांसारखा आत ओढला जाऊन चपटा व्हायचा. हा पाइप फुटत नव्हता, उलट मिटत होता. काय करावं ते दोघांनाही सुचेना. एका रविवारी कॅसलरॉकला कुणाला तरी पोचवायला गेलो. तेव्हा तिथं रूळ रुंद करायचं काम चालू होतं, जुने डबे बाजूच्या रुळावर उभे होते. दुरपदाक्का डब्यांच्या मधोमध लोंबणाऱ्या ब्रेकच्या पाइपाकडे बघत उभी राहिली. मग तिनं तो आवळला. तो दबेना. तिथल्या फिटरनं हाक मारली, "ओ अक्का, काय चाललंय?"

"ह्यो दबत का न्हाई?"

"आत तारेचं वेटोळं असतंय. ह्या ब्रेकात हवा वढून काढत्यात. वेटोळं नसलं तर पाइपच चिकटंल की."

तिचा चेहरा असा उजळला की फिटर गोंधळलाच. तो म्हणाला, "एक जुना टाकलेला तुकडा हाय. पायजे काय?"

"नको. सरकारी पाइप नको," ती म्हणाली. "अक्कल मिळाली, तेवढी नेते."

पुढच्या आठवड्यात आत तारेचं वेटोळं असलेला पाइप तिनं बेळगावहून शोधून आणला. तो गाल पुन्हा कधी बसला नाही.

हे सगळं गमतीनं सांगतेय, पण त्या वर्षी फेब्रुवारीत गंमत संपली.

आमच्या शाळेची दहावीची परीक्षा जोयड्याला असायची. सकाळची बस कुंभारवाड्याहून निघून तिथं पोचेपर्यंत पहिली घंटा होऊन गेलेली असायची. मुलगे परीक्षेपुरते जोयड्यात कुणाच्या तरी पडवीत राहायचे. मुलींना कोण पाठवणार? वर्षभर अभ्यास करून त्या परीक्षेच्या तोंडावर घरी बसायच्या. त्या वर्षी वर्गात दिग्गीकडच्या वाड्यांतल्या काही मुली होत्या. त्यांच्यात सावित्री नावाची एक उंच, अबोल मुलगी होती. तिचे वडील जंगलखात्याच्या कामावर जायचे आणि थोडी भातशेती करायचे. मी त्यांच्या अंगणात जाऊन खूप बोलले. ते ऐकून घ्यायचे आणि सुपारी कातरत राहायचे.

शेवटी दुरपदाक्का माझ्याबरोबर आली. ती अंगणात बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "सकाळी मी न्हेणार. पेपर सुटंपतोर शाळंच्या दारात बसणार. आणि दिवस मावळायच्या आत हितं, ह्या अंगणात आणून सोडणार."

वडिलांनी पहिल्यांदाच मान वर केली. मुलगी संध्याकाळी घरी पोचेल ना, असं कोकणीत विचारलं, "सांजे चली घरा पावतली मगे?"

"पावतली," ती म्हणाली. बस एवढंच. ते म्हणाले, ठीक आहे. एकीच्या वडिलांनी होकार दिला, तसा बाकीच्या मुलींच्या घरांतूनही होकार आला.

परीक्षा जवळ आली असताना जोयड्याच्या चढावर टायर फुटावा तसा आवाज झाला, मागे काळा धूर पसरला आणि शिट्टी म्हातारीसारखी धापा टाकत उभी राहिली. गरम वाटेचा पाइप उभा चिरला होता. दुरपदाक्कानं दुसरा, कापडाचे थर असलेला कडक पाइप आणून टोकापासून टोकापर्यंत लावला. हा फाटला नाही. पण चढावर इंजिन हलतं, जाळी मात्र चौकटीला घट्ट बांधलेली, आणि कडक पाइप वाकायला तयार नाही. दोन दिवसांत तो सांध्यातून सटकला. पुन्हा धूर.

सावित्रीच्या वडिलांच्या कानावर ते गेलं. त्यांनी निरोप पाठवला, गाडीचा भरवसा नसेल तर मुलगी राहू दे.

तो निरोप मी अक्काला सांगितला. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. पहिल्यांदाच मी तिला हात रिकामे ठेवून बसलेलं बघितलं. तिनं शिट्टीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "त्येचं बरोबर हाय. मी शबुद दिला तवा पाइप बघूनच द्यायाला पायजे हुता."

"मग आता?"

यल्लाप्पाण्णा गाडीतून म्हणाला, "फुटलेला मऊ हुता. सटकलेला कडक हुता. दोन्ही एकाच पाइपाकडनं मागूलालीस तू."

ती ताडकन उठली. "म्हंजे लांबी लोखंडाची आणि सांधा रबराचा!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बेळगावला गेलो. दुकानदार एकापाठोपाठ एक पाइप काढत होता आणि ती प्रत्येक पाइप वाकवून, कापलेल्या कडेला आतले थर मोजून बाजूला ठेवत होती. शेवटी त्यानं मोठ्या ट्रकसाठी आलेला निळा, गुळगुळीत, सिलिकॉनचा पाइप काढला. तापाला पक्का आणि तरी लवचिक. तो अख्ख्या लांबीचा घ्या म्हणाला. ही म्हणाली, फक्त सांध्यापुरते तुकडे द्या. मग पट्ट्या. स्क्रूनं आवळायच्या दातेरी पट्ट्या तिनं परत केल्या, त्या मऊ पाइपात रुततात म्हणून. बोल्टनं आवळायच्या रुंद पट्ट्या घेतल्या. त्या दुकानात यल्लाप्पाण्णा स्टुलावर बसून होता. तिनं निवडलेला तुकडा तो फक्त बोटांनी चाचपायचा आणि "हं" म्हणायचा. त्याचा "हं" आल्याशिवाय ती पुढं सरकत नव्हती. इतकी वर्षं वाद घालणारी ही दोघं त्या दिवशी एकदाही भांडली नाहीत.

लोखंडी पाइप रामनगरला एका वेल्डिंगवाल्याकडे वाकवायचा ठरला. नुसता तापवून वाकवला तर वळणावर चेपतो, म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरली, तोंडं बंद केली, तापवला आणि हळूहळू वाकवला. छान, गोल वळणं झाली. दोन्ही टोकांना त्यानं वेल्डिंगचा बारीक उंचवटा फिरवून घासला, म्हणजे रबर त्यावरून सहजी सरकू नये. पाइप तयार झाला आणि वेल्डिंगवाला म्हणाला, "घ्या, बसवा."

"आन वाळू?"

"सांडली की सगळी."

"सगळी म्हंजे किती?" अक्का म्हणाली. "एक कण राहिला तर म्होरं थेट इंजिनाच्या पोटात जाणार."

परीक्षेला एकच दिवस मधे होता. मुली माझ्याकडे शाळेत उजळणीला आल्या होत्या. शिट्टी रडतखडत शाळेच्या अंगणात आली आणि दुरपदाक्का पाइप खांद्यावर घेऊन उतरली. लाकडी हातोडीनं तिनं तो बाहेरून ठोकला. थोडी वाळू पडली. धुतला. आणखी थोडी पडली. मग यल्लाप्पाण्णाच्या पांढऱ्या धोतराची एक पट्टी दोरीला बांधून पाइपातून ओढायला सुरुवात केली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला सावित्री. पट्टी काळी होऊन आली. धुऊन पुन्हा ओढली, करडी आली. मुली पाळीपाळीनं ओढत होत्या, ओढताना माझ्याकडून भूगोलाचे प्रश्न सोडवून घेत होत्या. यल्लाप्पाण्णा पट्टी चिमटीत धरून चोळायचा आणि म्हणायचा, "हाय अजून." शेवटी एकदा त्यानं चोळली, पुन्हा चोळली आणि काहीच बोलला नाही. पट्टी पांढरी होती.

मग जोडणी. सांध्याला ती तेल किंवा ग्रीस लावू देईना, "घालाया सोपं, आन निसटाया बी सोपं" म्हणायची. सगळे सांधे बसल्यावर एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडातून टायरच्या पंपानं हवा भरली. मुलींनी साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर सोडलं. जाळीजवळच्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला. सावित्री एकदम ओरडली, "अक्का, हितं!" त्या मुलीचा एवढा मोठा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. अक्कानं त्या पट्टीचा बोल्ट अर्धा फेरा आवळला. बुडबुडा पुन्हा आला नाही.

पहिल्या पेपरच्या सकाळी दव पडलं होतं. मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या, मी त्यांच्यात. सावित्रीचे वडील रस्त्यापर्यंत आले होते. ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि मग बाजूला झाले.

चढ सुरू झाला तसा यल्लाप्पाण्णा म्हणाला, "कुणी बोलू नगा."

पुस्तकंसुद्धा मिटली. पहिलं वळण. दुसरं. ज्या जागी पाइप फाटला होता तिथं रस्त्यावर तेलाचा जुना डाग दिसत होता. दुरपदाक्कानं पाय दाबला. शीळ चढली, बारीक, सरळ, न थरथरता, आणि गाडी मुकाट वर निघाली. यल्लाप्पाण्णाचा हात मांडीवरच राहिला. माथ्यावर आल्यावर तो म्हणाला, "आता वाचा. काय वाचायचं ते."

सगळ्या मुली एकदम हसल्या आणि मग एकदम वाचायला लागल्या.

संपूर्ण परीक्षाभर पाइप टिकला. पेपर चालू असताना अक्का शाळेच्या दाराबाहेर बसून राहायची. पाणी प्यायलासुद्धा दूर जायची नाही, कारण तिनं 'दारात' असं सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी सावित्रीच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. वडिलांनी आतून पिकलेल्या केळ्यांचा घड आणून गाडीत ठेवला.

निकाल लागला. सावित्री पास झाली, पुढं धारवाडला नर्सिंग शिकायला गेली. एक मुलगी गणितात गेली. तिला घेऊन अक्का पावसाळ्यानंतर पुन्हा जोयड्याला गेली, त्याच वेळेला निघाली आणि तशीच दारात बसली. ती मुलगी दुसऱ्या खेपेला पास झाली. पुढच्या वर्षी गाडीत मुली एवढ्या झाल्या की दोन खेपा कराव्या लागल्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षी गावकऱ्यांच्या अर्जावरून परीक्षेच्या दिवसांत लवकरची बस सुरू झाली. अक्का बसवर खूश होती. "आता मला झोपाया मिळंल," म्हणाली. पण त्या पहिल्या दिवशी ती बसच्या मागोमाग रिकामी गाडी घेऊन जोयड्यापर्यंत गेली. बस बंद पडली तर, म्हणून.

यल्लाप्पाण्णाच्या डोळ्यांवरचा पडदा मोतीबिंदूचा निघाला. मागाहून बेळगावला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला स्वच्छ दिसायला लागलं. पट्टी काढल्यावर पहिल्या खेपेला तो नेहमीसारखा अक्काच्या शेजारी बसला. पहिल्या चारसहा वळणांतच त्यानं समोरची दांडी घट्ट धरली.

"तू रोज अशीच चालवतीस?"

"अशीच."

"डोळं न्हवतं तवा भ्या वाटत न्हवतं," तो म्हणाला. तरी स्टेअरिंग त्यानं परत मागितलं नाही. सामानाची चढउतार, टायर, पैपाहुण्यांशी गप्पा ही कामं त्यानं घेतली, आणि चढावर मात्र तो दिसत असूनही डोळे मिटून घ्यायचा. ऐकायला बरं पडतं म्हणायचा.

काही वर्षांनी माझी खानापूरला बदली झाली. अक्कानं माझं सामान जोयड्याच्या स्टँडवर आणून बसच्या टपावर चढवायला लावलं, दोरी स्वतः ओढून बघितली. मी मनात बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. पण गाडीत पाच-सहा माणसं बसली होती, एक म्हातारा उतरून उतरून विचारत होता, "निघायचं न्हवं?"

"निघते बाई," ती म्हणाली. "तिकडं थंडी लई असती, कानाला बांधत जावा." आणि गाडीत चढली.

शिट्टी स्टँडबाहेर पडली. थोडं पुढं गेल्यावर खिडकीतून तिचा हात बाहेर आला, सरळ, लांब. मीही हात उंचावला. मग लक्षात आलं की पुढं फाटा होता, तिला उजवीकडे वळायचं होतं, हात त्याच्या इशाऱ्याचा होता. गाडी वळली, झाडांमागून दिसेनाशी होत गेली. वळण केव्हाच संपलं होतं, तरी तो हात आत गेला नव्हता.